गुन्हा नाही, पण संरक्षणही नाही : अमेरिकेतल्या ऑनलाइन पोकरची कथा

आजचा विषय जाहीर झाल्यावर आमच्या दोन-तीन जुन्या विद्यार्थ्यांचे फोन आले. "सर, तत्त्वज्ञान सोडून पत्ते कधीपासून?" त्यांना म्हटलं, पत्ते आम्हाला फारसे येत नाहीत. दिवाळीत घरात चिंचोके लावून तीन पत्ती खेळलो, तेवढीच आमची मजल. पण आज आपल्याला डाव शिकायचा नाहीये. एक प्रश्न पाहायचा आहे. समजा, एखादी गोष्ट करणाऱ्याला कायदा गुन्हेगार म्हणत नाही, पण ती गोष्ट ज्यांच्यामार्फत होते त्या सगळ्यांना गुन्हेगार ठरवतो. मग मधल्यामध्ये उभा असलेल्या माणसाचं काय होतं? अमेरिकेत ऑनलाइन पोकर खेळणाऱ्या लोकांवर हा प्रयोग प्रत्यक्ष झाला आणि त्याची कागदपत्रं न्यायालयांत आहेत. म्हणून हा विषय.

आधी खेळाबद्दल दोन शब्द. आज जो पोकर सगळीकडे चालतो त्याला टेक्सास होल्डेम म्हणतात. प्रत्येकाला दोन पानं झाकलेली, मध्ये पाच पानं उघडी, सगळ्यांची मिळून. पानं उघडत जातात तशी बोली वाढत जाते. ज्याला नको तो पानं टाकतो. सगळ्यांनी टाकली आणि एकच उरला, तर त्याला पानं दाखवावी लागत नाहीत, पैसे त्याचे. आपली तीन पत्ती साधारण याच कुळातली. महत्त्वाचा मुद्दा असा की इथे माणूस अड्ड्याविरुद्ध खेळत नाही, दुसऱ्या माणसाविरुद्ध खेळतो. रुलेटच्या चाकावर तुम्ही हरलात की मालक जिंकतो. पोकरमध्ये कोण जिंकतं याच्याशी मालकाला देणंघेणं नसतं. तो प्रत्येक डावातून आपली नाल कापून घेतो, झालं. म्हणजे मालकाला हवी असते गर्दी. हा गर्दीचा मुद्दा डोक्यात ठेवा, पुढे लागणार आहे.

आता इतिहास. १९६१ साली अमेरिकेत 'वायर अ‍ॅक्ट' झाला. अध्यक्ष जॉन केनेडी, आणि त्यांचे बंधू रॉबर्ट केनेडी हे अ‍ॅटर्नी जनरल, म्हणजे न्याय खात्याचे प्रमुख. रोख होता टेलिफोनवर शर्यतींच्या आणि सामन्यांच्या पैजा घेणाऱ्या संघटित गुन्हेगारी टोळ्यांवर. शब्द पाहा : पैजांचा 'धंदा' करणारा माणूस या कायद्यात सापडतो. पैज लावणारा गिऱ्हाईक सापडत नाही. ही विभागणी तिथून पुढे प्रत्येक कायद्यात आलेली दिसते.

१९९८ च्या सुरुवातीला इंटरनेटवर खऱ्या पैशांचा पोकर सुरू झाला. कंपन्या अमेरिकेबाहेर बसायच्या. कुणी कोस्टा रिकात, कुणी अँटिग्वात. कुणी कॅनडात माँट्रियलजवळच्या मोहॉक आदिवासींच्या कानावाके या भूमीतून परवाना घ्यायची. खेळणारे मात्र बहुतेक अमेरिकन. त्यात २००३ साली टेनेसीमधला ख्रिस मनीमेकर नावाचा एक हिशेबनीस शंभर डॉलरपेक्षा कमी पैसे भरून एका ऑनलाइन पात्रता स्पर्धेत उतरला. मनीमेकर हे त्याचं खरं आडनाव, बरं का! ती स्पर्धा जिंकून तो लास वेगासच्या जागतिक स्पर्धेत पोचला आणि ८३९ खेळाडूंत पहिला येऊन २५ लाख डॉलर घेऊन घरी गेला. तीन वर्षांनी, २००६ मध्ये, त्याच स्पर्धेला ८,७७३ लोक होते. हजारो तरुण नोकऱ्या सोडून, कॉलेजं सोडून, एकाच वेळी आठ-आठ, दहा-दहा टेबलं पडद्यावर उघडून रोज खेळत बसले. प्रत्येक तासाचा हिशेब वहीत. आपल्याकडे याला कुणी धंदा म्हणणार नाही, पण अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९८७ च्या ग्रोत्सिंगर खटल्यात म्हटलेलं आहे की जो माणूस पूर्णवेळ, नियमाने, उपजीविकेसाठी जुगार खेळतो, तो करापुरता व्यवसाय करतो. तो गृहस्थ तर कुत्र्यांच्या शर्यतींवर पैसे लावायचा. म्हणजे कर घ्यायच्या वेळी सरकारला हा व्यवसाय मान्य. हा टोला आमचा नव्हे. वस्तुस्थितीच तशी आहे.

आता २००६. सप्टेंबर संपता संपता, अधिवेशन उठायच्या रात्री, काँग्रेसपुढे, म्हणजे तिथल्या संसदेपुढे, बंदरांच्या सुरक्षिततेचं विधेयक होतं. निवडणूक तोंडावर, दहशतवादाची भीती ताजी. अशा विधेयकाला नाही कोण म्हणणार? प्रतिनिधीगृहात ४०९ विरुद्ध २ मतांनी ते संमत झालं. आणि या बंदरांच्या कायद्याच्या शेपटाला, सिनेटमधले बहुमताचे नेते बिल फ्रिस्ट यांच्या आग्रहाने, इंटरनेट जुगाराचा एक अख्खा कायदा बांधलेला होता. १३ ऑक्टोबरला अध्यक्ष बुश यांनी सही केली. एखाद्याने धान्याच्या पोत्यात दुसऱ्याची भांडी घालून गाडी जकात नाक्यावरून पार न्यावी, तसं झालं.

या कायद्यात काय होतं? 'बेकायदेशीर इंटरनेट जुगारा'साठी पैसे स्वीकारणं हा धंदा करणाऱ्याचा गुन्हा, आणि बँकांनी असे व्यवहार ओळखून अडवायचे. आता साहजिक प्रश्न : बेकायदेशीर इंटरनेट जुगार म्हणजे काय? कायदा म्हणतो, जो इतर कुठल्या तरी केंद्रीय किंवा राज्याच्या कायद्याने बेकायदेशीर आहे तो. पोकर हा शब्द त्यात नाही. घोड्यांच्या शर्यतींना वाट ठेवलेली होती, काल्पनिक संघ बनवून खेळायच्या फँटसी खेळांना सूट दिलेली होती. पोकरबद्दल मौन. आम्ही आयुष्यभर विद्यार्थ्यांना सांगत आलो की व्याख्येत ज्या पदाची व्याख्या करायची तेच पद येऊ नये. इथे तर व्याख्याच दुसऱ्याच्या घरी पाठवून दिली होती. आणि खेळणाऱ्याला शिक्षा? शून्य. त्याचं नावच नाही.

अपवाद सांगितला पाहिजे. वॉशिंग्टन राज्याने त्याच वर्षी ऑनलाइन जुगार हा थेट गंभीर गुन्हा केला, पाच वर्षांपर्यंत कैद. ली रूसो नावाचे वकील, स्वतः पोकर खेळणारे, त्याविरुद्ध राज्याच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले आणि २०१० मध्ये हरले. पण बाकी बहुतेक ठिकाणी घरी बसून खेळणाऱ्याच्या मागे कुणी लागलं नाही.

मग परिणाम कुठे झाला? चांगल्या आणि वाईट कंपन्यांच्या गाळणीवर, आणि तोही उलटा. पार्टीगेमिंग ही तेव्हाची सर्वांत मोठी कंपनी. लंडनच्या शेअर बाजारात नोंदलेली, हिशेब उघडे. तिचं सॉफ्टवेअर आयआयटी दिल्लीत शिकलेल्या अनुराग दीक्षित यांनी बांधलं होतं आणि हैदराबादेत तिचं कार्यालय होतं. ती कंपनी कायदा होताच अमेरिकेतून निघून गेली. शेअर एका दिवसात निम्म्याहून खाली आला. दीक्षित यांनी पुढे २००८ मध्ये न्यूयॉर्कच्या न्यायालयात जाऊन वायर अ‍ॅक्टखाली गुन्हा कबूल केला आणि ३० कोटी डॉलर भरले. ज्यांना शेअरहोल्डरांना तोंड दाखवायचं होतं ते गेले. ज्यांना कुणालाच तोंड दाखवायचं नव्हतं, अशा खासगी कंपन्या राहिल्या आणि ती सगळी गर्दी त्यांच्याकडे वळली. पोकरस्टार्स, फुल टिल्ट, अ‍ॅब्सोल्यूट पोकर ही त्यांतली मोठी नावं.

अ‍ॅब्सोल्यूट पोकरची गोष्ट ऐकण्यासारखी आहे. २००७ मध्ये काही खेळाडूंना शंका आली की एक माणूस समोरच्यांची झाकलेली पानं दिसत असल्यासारखा खेळतो आहे. पोलिसांकडे जाणार कसे? म्हणून त्यांनी स्वतःच हजारो डावांच्या नोंदी काढल्या, आकडेमोड केली आणि सिद्ध केलं की आतल्या खात्यातून सगळी पानं खरोखरच दिसत होती. कंपनीला ते मान्य करावं लागलं. तिच्या भगिनी-कंपनीतही तसाच प्रकार निघाला. लुबाडलेला माणूस अमेरिकेत, लुबाडणूक कोस्टा रिकात चालणाऱ्या धंद्यात, तक्रार ऐकणार कानावाकेचं मंडळ. दंड झाला, काही पैसे परत मिळाले. पण जिथे ग्राहकाची फसवणूक शोधायचं काम ग्राहकालाच हिशेबाच्या वह्या घेऊन करावं लागतं, तिथे कायदा नेमका काय करत होता?

कायदा बँकांवर लक्ष ठेवत होता. २००७ च्या जानेवारीत नेटेलर या पैसे पोचवणाऱ्या कंपनीच्या दोन संस्थापकांना अटक झाली, आणि अमेरिकन गिऱ्हाइकांचे नऊ कोटी डॉलरच्या वर पैसे काही महिने अडकले. तेव्हापासून पैसे आत-बाहेर करायचे रस्ते अरुंद होत गेले. सरकारी आरोपपत्राप्रमाणे, कंपन्यांनी मग बनावट दुकानं उभी केली. बँकेच्या उताऱ्यावर दिसायचं की या ग्राहकाने दागिने घेतले, गोल्फचे चेंडू घेतले, फुलं घेतली. प्रत्यक्षात त्याने पोकरच्या खात्यात पैसे भरलेले असत. युटा राज्यातल्या सेंट जॉर्ज गावात सनफर्स्ट नावाची एक छोटी, अडचणीतली बँक होती. तिच्यात सुमारे एक कोटी डॉलर भांडवल घालून त्या बदल्यात पोकरचे व्यवहार करून घ्यायचे, अशी सोय लावली गेली. जुगाराबद्दल अत्यंत कडक असलेलं ते राज्य! कायद्याने दार बंद केलं की माणसं खिडकी शोधतात, हे सगळे जाणतात. पण खिडकीतून आत येणारा माणूस दारातून येणाऱ्यासारखा पावती देत नाही.

१५ एप्रिल २०११, शुक्रवार. न्यूयॉर्कच्या दक्षिण जिल्ह्याचे सरकारी वकील प्रीत भरारा, जन्म आपल्या पंजाबातल्या फिरोजपूरचा, यांच्या कार्यालयाने अकरा जणांवरचं आरोपपत्र खुलं केलं. बँकांची फसवणूक, काळा पैसा पांढरा करणं, २००६ च्या कायद्याचा भंग. तिन्ही कंपन्यांची संकेतस्थळं उघडली की तिथे एफबीआयची मुद्रा दिसायला लागली. खेळाडू या दिवसाला 'काळा शुक्रवार' म्हणतात. नीट पाहा, आरोपींत एकही साधा खेळाडू नाही. पण त्या दिवशी ज्याचं खातं उघडत नव्हतं तो खेळाडूच होता. कुणाच्या खात्यात दोनशे डॉलर, कुणाच्या खात्यात घराचे हप्ते आणि पुढच्या वर्षाचं भांडवल.

पोकरस्टार्सने अमेरिकन खेळाडूंचे पैसे लवकर परत केले. तिने ते वेगळे ठेवलेले होते. फुल टिल्टचा उलगडा मात्र हळूहळू झाला. सप्टेंबरमध्ये सरकारी वकिलांनी न्यायालयाला सांगितलं की कंपनीकडे जगभरच्या खेळाडूंचे सुमारे ३९ कोटी डॉलर असायला हवे होते, आणि मार्चअखेरीस बँकेत होते सहा कोटी. उरलेले कुठे? चार वर्षांत चाळीस कोटींच्या वर डॉलर मालकांना आणि संचालकांना वाटले गेले होते. मालकांत पोकरमधलीच मोठमोठी नावं होती. आणि दुसरी एक गंमत, म्हणजे गंमत कसली! बँकांचे रस्ते बंद झाल्यामुळे खेळाडूंच्या बँकेतून पैसे ओढणं कंपनीला जमेना. पण तसं सांगितलं तर गर्दी पळेल. म्हणून न मिळालेले पैसेही खात्यात जमा दाखवले जायचे. असे सुमारे १३ कोटी डॉलर. तो माणूस ते नसलेले पैसे घेऊन टेबलावर बसायचा, दुसऱ्याशी खेळायचा, हरायचा. जिंकणाऱ्याच्या खात्यात नसलेले पैसे जमा. तो आपला हिशेबात लिहितो आहे, आज इतके मिळाले. सरकारी वकिलांनी याला जागतिक पॉन्झी योजना म्हटलं.

आम्हाला इथे थांबावंसं वाटतं. पैसा हा विश्वास आहे, हे आम्ही वर्गात किती वेळा म्हटलं असेल. इथे तो विश्वास कोणत्या संस्थेच्या जोरावर होता? अल्डर्नी नावाच्या इंग्लिश खाडीतल्या इवल्याशा बेटाच्या परवान्यावर. तो परवाना सप्टेंबरअखेर रद्द झाला, म्हणजे घोडे पळाल्यावर तबेल्याला कुलूप. खेळाडूंचे पैसे निराळ्या खात्यात ठेवा, वर्षातून एकदा तपासणी करा, एवढी साधी अट घालायला कायदा लागतो. आणि ज्या धंद्याला कायदा मान्यताच देत नाही, त्याला तो अट कशी घालणार?

जुलै २०१२ मध्ये तडजोड झाली. पोकरस्टार्सने एकूण ७३ कोटी १० लाख डॉलर द्यायचे, फुल टिल्ट ताब्यात घ्यायची. अमेरिकेबाहेरच्या खेळाडूंना कंपनीने पैसे दिले. अमेरिकन खेळाडूंनी मात्र सरकारकडे अर्ज करायचा. पहिला हप्ता आला फेब्रुवारी २०१४ अखेर, सुमारे साडेसत्तावीस हजार लोकांना. जवळजवळ तीन वर्षं. अ‍ॅब्सोल्यूट पोकरवाल्यांना तर २०१७ उजाडलं. दरम्यान जे खरोखर यावर पोट भरत होते, त्यांतले बरेच देश सोडून गेले. व्हँकुव्हर, मेक्सिकोतलं रोसारिटो, कोस्टा रिका. सीमेच्या इकडे बसून जे चालत नाही, ते पलीकडे भाड्याच्या खोलीत बसून निर्वेध चालतं. माणूस तोच, संगणक तोच, खेळ तोच.

आता तो मूळ प्रश्न, जो काँग्रेसने टाळला : पोकर जुगार आहे का? त्याचं उत्तर द्यायचा सर्वांत प्रामाणिक प्रयत्न एका म्हाताऱ्या न्यायाधीशाने केला. न्यूयॉर्कच्या स्टेटन आयलंडवर विजेच्या सायकलींच्या दुकानामागच्या खोलीत पोकरचा अड्डा चालायचा. चालवणाऱ्यावर केंद्रीय खटला झाला. न्यायाधीश जॅक वाइनस्टीन, वय ९१. ऑगस्ट २०१२ मध्ये त्यांनी शंभराहून अधिक पानांचा निकाल दिला. त्यांच्यापुढे एका अर्थशास्त्रज्ञाने कोट्यवधी ऑनलाइन डावांचं विश्लेषण मांडलं होतं : चांगला खेळणारा दीर्घकाळात सातत्याने वर राहतो. न्यायाधीश म्हणाले, इथे कौशल्य वरचढ आहे, म्हणून या केंद्रीय कायद्यात हा खेळ बसत नाही. पुढच्याच वर्षी वरच्या न्यायालयाने निकाल फिरवला. कौशल्य मोजायचं कारणच नाही, म्हणे. न्यूयॉर्कच्या कायद्याने तो जुगार आहे ना, मग पुरे.

आमचं मत विचाराल तर गोंधळ एककाचा आहे. एका डावाकडे पाहा : पानं चांगली आली, नशीब. दहा हजार डावांकडे पाहा : पानं सगळ्यांना सारखीच वाटली गेली, उरतं ते कसब. दोन्ही विधानं खरी. आमचे आजोबा कोरडवाहू शेतकरी. एका हंगामापुरतं पाहिलं तर शेती म्हणजे निव्वळ पावसाचा जुगार. चाळीस वर्षं पाहिली तर गावात चांगला शेतकरी कोण आणि वाईट कोण, हे पोरंसुद्धा सांगतील. शिवाय पोकरमध्ये बरेचसे डाव पानं न दाखवताच संपतात. तिथे पानांनी काय ठरवलं? अर्थात याने पोकर निर्दोष ठरत नाही. चांगला खेळणारा सातत्याने जिंकतो, याचा दुसरा अर्थ वाईट खेळणारा सातत्याने हरतो, आणि नाल दोघांकडून जाते. कौशल्याचा युक्तिवाद करणारे हे दुसरं वाक्य सहसा गिळतात.

आपल्याकडेही हा वाद जुना आहे. मुंबई सरकार विरुद्ध चमारबागवाला हा शब्दकोड्यांच्या बक्षिसांचा खटला १९५७ चा. तेव्हापासून आपली न्यायालयं कौशल्य वेगळं, जुगार वेगळा असं मानत आली. ऑगस्ट २०२५ मध्ये आपल्या संसदेने तो भेदच बाजूला ठेवला : पैसे लावून खेळायचा ऑनलाइन खेळ, मग तो कौशल्याचा असो की नशिबाचा, बंद. खेळणाऱ्याला शिक्षा नाही; चालवणारा, जाहिरात करणारा आणि पैसे पोचवणारा सापडतो. रचना ओळखीची वाटते ना? व्याख्येच्या बाबतीत आपला कायदा अमेरिकेपेक्षा स्पष्ट आहे, हे मात्र मान्य केलं पाहिजे.

पुन्हा अमेरिका. डिसेंबर २०११ मध्ये न्याय खात्याने मत जाहीर केलं की वायर अ‍ॅक्ट फक्त क्रीडा-पैजांना लागू आहे. पन्नास वर्षांनी कळलं! मग राज्यांनी आपापले दरवाजे उघडले. २०१३ मध्ये नेवाडा, डेलावेअर, न्यू जर्सी. परवाना, तपासणी, तक्रारीला जागा, सगळं आलं. पण आता तो गर्दीचा मुद्दा आठवा. डेलावेअरची लोकसंख्या दहा लाखांच्या आसपास. रात्री अकराला किती जण पोकर खेळत असतील? टेबलं रिकामी. नेवाडातलं पहिलं कायदेशीर संकेतस्थळ दीड वर्षात बंद पडलं. म्हणून राज्यांनी करार करून आपले खेळाडू एकत्र केले. तेवढ्यात, २०१९ च्या जानेवारीत, न्याय खात्याचं नवं मत बाहेर आलं : वायर अ‍ॅक्ट सगळ्याच जुगाराला लागू. न्यू हॅम्पशायरची लॉटरी न्यायालयात गेली आणि २०२१ मध्ये जिंकली. कायदा तोच, १९६१ चा, एका अक्षराचा बदल नाही; अर्थ मात्र दोनदा फिरला. क्रीडा-पैजा २०१८ नंतर तीसहून अधिक राज्यांत पसरल्या. पोकर अजून मोजक्या राज्यांत आहे.

आणि अगदी ताजी गोष्ट. ४ जुलै २०२५ ला अध्यक्ष ट्रम्प यांनी सही केलेल्या भल्यामोठ्या कर-कायद्यात एक छोटं कलम आहे : २०२६ पासून जुगारातल्या नुकसानीपैकी फक्त ९० टक्के वजावट मिळेल. म्हणजे एखाद्याने वर्षभरात एक लाख डॉलर जिंकले आणि एक लाखच हरले. हातात काही नाही. कर मात्र दहा हजारांच्या उत्पन्नावर. जो माणूस थोडक्या फरकावर जगतो, वर्षाला पाच लाख जिंकून साडेचार लाख हरतो, त्याला पन्नास हजारांऐवजी पंचाण्णव हजारांवर कर. पुन्हा मोठ्या गाडीच्या पोत्यात छोटी भांडी. या वेळी मात्र कायद्याला खेळाडू दिसला आहे. त्याचं कलम थेट त्याच्यासाठी आहे.

वेळ होत आली. प्रश्न असतील तर घेऊ या.